दाखवायचा ऊस

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कुणाच्या घरी आधी चहा घेऊन मग मुलगा पाहिला, असं कधी झालं नाही. आमच्याकडं मुलीकडची माणसं स्थळ बघायला गेली की रीत ठरलेली असते. आधी पाणी, मग पोहे, मग चहा, आणि मग सगळे पुरुष 'जरा रान बघून येऊ' म्हणत उठतात. तोवर पोहे पोटात गेलेले असतात, त्यामुळं रानाला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. आबांनी हे नेमकं ओळखलं होतं. गाडीतून उतरले की उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता विचारायचे, "रान कुठंशी हाय?" आणि चालू लागायचे.

रान पसंत पडलं तर पोहे, नाहीतर परत गाडीत. रस्त्याकडंचा ऊस ते बघतसुद्धा नसत. "ती दाखवायची बाजू," म्हणायचे, आणि थेट पार आतल्या कोपऱ्यात शिरायचे. तिथं लव्हाळ्याचं तण माजलेलं दिसलं की स्थळ गेलं. सोमेश्वरनगरकडचं एक स्थळ आलं होतं, दुमजली घर, अंगणात फरशी, मुलगा दिसायला राजबिंडा. आबांनी बांधावर उकिडवं बसून दोन्ही बाजूंनी नजर टाकली आणि उठले. घरी येऊन आईला म्हणाले, "दोन्ही अंगानं शेजाऱ्यांचा बांध कोरलाय त्यानं. उद्या आपल्या पोरीच्या ताटातली भाकरीबी कोरंल."

आई कपाळाला हात लावायची. "आवं, पोरगी मुलाला द्यायची का उसाला?"

"दोघं येकच असत्यात," आबा म्हणायचे.

माझ्या दोन्ही थोरल्या बहिणी अशाच परीक्षा होऊन गेल्या होत्या. दोन्ही मेहुणे शेतकरी म्हणून पहिल्या नंबरात पास झालेले. माझी पाळी आली तेव्हा मी बारामतीत एका रोपवाटिकेत नोकरीला होते. सकाळच्या एसटीनं जायचं, संध्याकाळच्या एसटीनं सणसरला परत. रोज संध्याकाळी फाट्यावर आबा उभे. मला न्यायला आलोय असं त्यांनी एकदाही कबूल केलं नाही. कधी खांद्यावर फावडं घेऊन 'पाणी बघायला आलतो' म्हणायचे. फाट्याच्या आसपास आमची वीतभर जमीन नव्हती.

तर त्या रोपवाटिकेत शेळगावचा एक माणूस टोमॅटोची रोपं न्यायला यायचा. पंधरा दिवसांनी परत यायचा, कारण आधीची मेलेली असायची. मग पुन्हा पंधरा दिवसांनी. एका हंगामात एवढ्या वेळा रोपं मारणारा दुसरा माणूस आमच्या मालकांनी पाहिला नव्हता. मी त्याला पाणी कधी द्यायचं, किती द्यायचं हे समजावून सांगायची, तो मान डोलवायचा, आणि घरी जाऊन भर दुपारी पाणी सोडायचा. पुढंपुढं माझ्या लक्षात आलं की सगळी रोपं काही चुकून मरत नाहीत. तोवर उशीर झाला होता. माझा जीव जडला होता, तोही अशा माणसावर, ज्याचं रान आबांनी पाहिलं तर गाडीतून खाली उतरायलाही ते तयार झाले नसते.

मध्यस्थ धरून त्यानं रीतसर स्थळ पाठवलं. आबांनी तारीख दिली. मी त्याला फोन करून विचारलं, "उसात लव्हाळा किती आहे?"

तो म्हणाला, "उसापेक्षा थोडा कमी."

मी रडकुंडीला आले. दोन दिवसांनी त्याचाच फोन आला, आवाजात मोठी खुशी. शेजारच्या तात्यांनी युक्ती सुचवली होती. तात्यांचा ऊस बांधापलीकडंच होता, असा की मापं घेऊन लावल्यासारखा. तात्या म्हणाले होते, "बघायच्या दिवशी माझा प्लॉट तुझा म्हणून दाखव. काय इचारलं तर घाबरू नगं. मी हाय ना." मला तात्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. मग मी प्रश्न-उत्तरं लिहून काढली आणि फोनवर त्याच्याकडून पाठ करून घेतली. लागण कधीची, जात कुठली, खताचे हप्ते किती. पोरगा दहावीला बसल्यासारखा घोकत होता.

बघायच्या दिवशी मी सणसरलाच होते. तिकडं जे झालं ते नंतर त्याच्या तोंडून ऐकलं. आबा, माझे दोन काका आणि गावातले दोघं असे गाडीतून उतरले. "रान कुठंशी हाय?" झालं. सगळी वरात तात्यांच्या उसात. सुरुवातीची उत्तरं त्यानं फाडफाड दिली. मग आबांनी माझ्या यादीत नसलेला प्रश्न टाकला.

"कांड्या किती आल्यात?"

"सगळ्या आल्यात," तो म्हणाला.

काका एकमेकांकडं बघायला लागले. आबांनी विचारलं, "मोटार कुठं बसवलीया?" यानं छातीठोकपणे विहिरीच्या भलत्याच अंगाला हात केला. बांधावर उगाच गवत उपटत बसलेल्या तात्यांना ते सोसलं नाही. "तिकडं न्हाय रं, चिंचंमागं!" ते ओरडले.

आबा वळले. "तुमी कोण म्हणायचं?"

"म्या? शेजारी."

"शेजाऱ्याला लईच म्हाईत हाय," आबा म्हणाले. होणाऱ्या नवरदेवाला म्हणे तिथंच उसात पळून जावंसं वाटलं. पण आबांनी धोतराचा सोगा झटकला आणि काकांना म्हणाले, "झ्याक हाय रान. चला, पोहं खाऊ."

लग्न झालं. मी हवेत होते. सणसर-शेळगावच्या टापूत ज्यांना कुणी फसवू शकलं नाही त्या आबांना मी फसवलं होतं! सासरी पहिल्या दिवसापासून माझी मान ताठ. कुणी काही बोललं की मनात म्हणायची, तुम्हाला माहीत नाही मी कोण आहे.

लग्नानंतर पहिल्यांदा आबा आले ते पिशवीत खुरपं घालून. चहा झाल्यावर 'जरा पाय मोकळे करतो' म्हणाले आणि न विचारता सरळ आमच्या खऱ्या रानात गेले. मी धावत मागं. आबा लव्हाळ्यात बसून खुरपत होते. वर न बघता म्हणाले, "त्या दिवशीचा ऊस कुठं गेला गं?"

"तुटून गेला कारखान्याला, आबा."

बांधापलीकडं तोच ऊस वाऱ्यावर सळसळत होता.

"बरं," आबा म्हणाले.

मग ते दर आठवड्याला यायला लागले. जुन्या दुचाकीवरून, खुरपं घेऊन. "जावयबापू, या हिकडं," म्हणत नवऱ्याला शेजारी बसवायचे आणि लव्हाळा मुळातल्या गाठीसकट कसा काढायचा ते दाखवायचे. पाणी पहाटे का द्यायचं, सरी कशी ओढायची, सगळं. आवाज कधी चढला नाही. आपल्या पुतण्यांवर ते याच्या निम्म्या चुकीला खेकसायचे. दोन-तीन वर्षांत आमचं रान असं झालं की लोक थांबून बघायचे. आणि मधूनच, आईसमोर, बहिणींसमोर, अगदी माझ्या सासूबाईंसमोरही आबा साळसूदपणे विचारायचे, "त्या दिवशीचा ऊस कुठं गेला?" मी दर वेळी तेच उत्तर द्यायची. थाप पचली याचा आनंद हळूहळू ओसरला आणि ती घशात अडकायला लागली. एवढा माणूस माझ्यासाठी उन्हात खुरपत बसतो आणि मी त्याच्याशी खोटं बोलते, याची मला लाज वाटायची. खरं सांगायचं ठरवायची आणि भ्यायची. त्यांना वाईट वाटलं तर?

मागच्या वर्षी आबा बारामतीच्या दवाखान्यात होते. सकाळची वेळ, आई खाली चहा आणायला गेलेली. आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. म्हटलं, "आबा, एक सांगायचं होतं. तो ऊस..."

त्यांनी सलाइनचा हात जरासा उचलला. "तुटून गेला कारखान्याला. म्हाईत हाय मला." आणि डोळे मिटून घेतले. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, मला वाटलं कळ आली असेल. चार दिवसांनी आबा गेले. माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

दहाव्याला तात्या शेळगावहून सणसरला आले. विधी उरकल्यावर मला बाजूला, गोठ्यापाशी घेऊन गेले आणि टोपी काढून हातात धरली.

"पोरी, तुज्या बापानं मला शपथ घातलीवती. मी हाय तवर बोलायचं न्हाय म्हणला. आता बोलतो."

माझा जीव कुठं जडलाय ते आबांनी ओळखलं होतं, म्हणून स्थळ बघायच्या आठ दिवस आधी ते एकटेच शेळगावला गेले होते. उसाचं बेणं बघायला आलोय असं सांगून तात्यांच्या बांधावर उभे राहिले. पलीकडं आमचा लव्हाळा डोलत होता. कुणाचं रान म्हणून विचारलं. तात्यांनी सांगितलं. आबांचा चेहरा पडला. परत निघाले तर वाटेवर आमचं घर. माझ्या सासूबाईंचा तेव्हा हात मोडला होता. पोरगा चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होता, एकीचीही कड सरळ नव्हती, आणि प्रत्येक भाकरी तव्यावर पडली की मायलेक दोघं खदाखदा हसत होते. आबा कुडाआड बराच वेळ उभे राहिले. मग उलट पावली तात्यांकडं आले.

"म्हणला, रान मी करून घीन नीट. पर हे कुणाला शिकिवता येत न्हाय. आन् म्हणला, बघाय येताना माजं भाऊ असत्याल संगं. लव्हाळ्यापायी मी लई स्थळं मोडली, आता हे रान बघून व्हय म्हणलो तर ते मला गावात फिरू द्याचे न्हाईत. तवा तात्या, तुमचाच ऊस दाखवा."

मी गोठ्याचा खांब धरला. "म्हणजे युक्ती आबांची?"

"मग? माज्या टाळक्यात एवढं येतंय व्हय? आन् त्या मोटारीपायी मी ओरडलो, तर नंतर मलाच शिव्या घातल्या."

"पण मला का नाही सांगितलं? मी किती वर्षं..."

तात्यांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली.

"म्या बी हेच इचारलं. तर म्हणला, तिला वाटू द्या तिनं मला फसिवलं म्हून. पोरगी परक्या घरात जायाची हाय, तेवढा ताठा असू द्या तिच्या अंगात."