वर थोडी चमक हवी

टार्मो हिएतालाने आयुष्यात कुणाची खोटी तारीफ केली नाही. बायकोच्या हातच्या माशाच्या सूपचीसुद्धा नाही. "मीठ कमी आहे," एवढं म्हणून तो दोन वाडगे रिचवायचा, आणि इर्मेली म्हणायची, "मीठ बरोबर आहे. तुझ्या जिभेला गंज चढलाय." असल्या माणसाला फिनलंडातल्या केमीसारख्या गावात मित्र तरी किती असणार? पण होते, आणि जीव लावणारे होते. कारण आपल्या कामाबद्दल खरं ऐकायचं असेल तर गावात टार्मोशिवाय दुसरं दार नव्हतं.

काम म्हणजे पोटापाण्याचं नव्हे, निव्वळ हौसेचं. ही मंडळी लहान होती तेव्हा घरातल्या कॉम्प्युटरवर गेम कॅसेटवरून चढायचा. चढेपर्यंत आंघोळ उरकावी इतका वेळ जायचा आणि तेवढा वेळ एक धून वाजत राहायची. एका वेळी तीनच सूर. त्याहून जास्त त्या बिचाऱ्या यंत्राला झेपतच नव्हते. गेम पुढे विसरले गेले, धुना मात्र डोक्यात घर करून बसल्या. मग मोठेपणी कुणी ट्रक चालवतो, कुणी औषधाच्या दुकानात उभी राहते, आणि सुट्टीच्या दिवशी ही माणसं त्या तीन सुरांच्या धुना घेऊन त्यांचं नवं रिमिक्स बांधत बसतात. पैसा नाही, नाव नाही. बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटतो. वाटू दे.

रविवारी दुपारी कामगार भवनाच्या मागच्या खोलीत ही मंडळी जमायची. कॉफी, वेलदोड्याचे गोड पाव, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर दोन चांगले स्पीकर. ज्याने त्याने आपलं रिमिक्स आधीच उर्पोकडे पाठवायचं. उर्पो म्हणजे टार्मोचा शाळेपासूनचा दोस्त, गोल चेहऱ्याचा, कुणाला दुखवायचं म्हटलं की ज्याला घाम फुटतो असा. तो एकेक रिमिक्स लावायचा, पण कुणाचं ते सांगायचा नाही. मग सगळ्यांनी आळीपाळीने बोलायचं. ज्याचं आहे त्यानेसुद्धा परक्यासारखं आपल्याच कामावर बोलायचं, म्हणजे चोर सापडत नाही. शेवटी, पटलं असेल तर, करणाऱ्याने उठून टेबलापाशी जायचं आणि ऐकलेल्यातली एक चूक तिथल्या तिथे सगळ्यांदेखत दुरुस्त करायची. वाद नाही, "माझ्या घरी बरं वाजत होतं" नाही. पटलं नसेल तर बसून राहायचं. मग ते रिमिक्स निनावीच राहायचं आणि कुणी कधी विचारायचं नाही. हे सगळे कायदे टार्मोचे. "तोंड इतरांनी चालवायचं, करणाऱ्याने हात," असं तो म्हणायचा.

त्याला सगळे 'कान' म्हणायचे. एखादा सूर केसभर उतरलेला असला तरी टार्मोची भुवई वर जायची. लाकूड कापायच्या गिरणीत त्याने करवतीवर जन्म काढला, पण घरी येऊन हेडफोन लावला की त्या आडदांड माणसाचा चेहरा असा काही मऊ व्हायचा की इर्मेली स्वयंपाकघरातून चोरून बघायची. गिरणी सुटली तेव्हा त्याच्याकडे उरलं काय? घर, इर्मेली, आणि रविवारचा हा मान. ती खोली त्याच्यासाठी वाट बघायची, त्याचं मत आल्याशिवाय कुणी गोड पावाला हात लावायचं नाही. या मानावर तो जगत होता, असंच म्हणा ना.

गेली काही वर्षं त्याचं एक मत ठरलेलं होतं. "बाकी ठीक आहे. वर थोडी चमक हवी." म्हणजे ट्रेबल, वरचे बारीक तीक्ष्ण सूर, वाढवा, झांजा उजळ करा. लोक माना डोलवायचे, वाढवायचे. कौको नावाच्या ट्रकवाल्याने एकदा इतकं वाढवलं की त्याच्या कुत्र्याने पलंगाखाली दडी मारली. तरी टार्मोपुढे कुणी चकार शब्द काढला नाही. फिनलंडात माणूस गप्प बसला तर त्याचे हजार अर्थ होतात, आणि टार्मोने त्यातला सोयीचा तेवढा घेतला.

त्या हिवाळ्यात त्याने स्वतः एक रिमिक्स बांधलं, कितीतरी वर्षांनी. उर्पोच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला त्या उन्हाळ्यातली धून होती ती. गेम कसला, एक नाव बर्फाच्या तुकड्यांमधून वाट काढते, बस. पण दोघं पोरं तो गेम खेळायचीच नाहीत, नुसती कॅसेट पुन्हा मागे फिरवून धून ऐकत बसायची. टार्मोने सगळा हिवाळा त्यावर घातला. आपण लोकांना सांगतो ते आपल्याला करता येतं का, एवढं एकदा बघायचं होतं त्याला.

रिमिक्स पाठवलं त्या दिवशी उर्पोचा फोन आला.

"टार्मो, हेच लावू ना? नक्की?"

"का रे? काय झालं?"

"काही नाही. विचारलं आपलं."

"तुला काही बोलायचंय का?"

"छे. सर्दी झालीय मला," उर्पो म्हणाला आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी इर्मेली खिडकीपाशी उभी होती. अंगणातल्या लाल फळांच्या झाडावर तुरेवाल्या पाखरांचा थवा उतरला होता, फांदी दिसत नव्हती.

"ऐक तरी काय गोंधळ घातलाय मेल्यांनी," ती म्हणाली.

टार्मो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. पाखरांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. आवाज नव्हता.

"काच जाड आहे," तो म्हणाला आणि त्याने खिडकी उघडली. थंडी आत घुसली. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. दूर रस्त्यावर बर्फ ढकलणाऱ्या गाडीची घरघर मात्र त्याला स्पष्ट ऐकू आली.

"कान दाखव जाऊन एकदा," इर्मेली हळूच म्हणाली. "किती दिवस सांगतेय."

"माझे कान?" टार्मो भडकला. "तू तोंडातल्या तोंडात बोलतेस, त्याला मी काय करू?" त्याने धाडकन खिडकी लावली आणि बूट घालायला बसला. बुटाची नाडी काही केल्या बांधली जाईना.

गिरणीतले दिवस त्याला आठवले. करवतीचा आवाज नको म्हणून सगळ्यांना कानांवर जाड टोप्या दिलेल्या होत्या. टार्मो शहाणा. तो टोपीखाली बारीक इअरफोन घालायचा आणि त्यात आपल्या धुना लावायचा. करवतीच्या वरचढ ऐकू यायचं तर आवाज तेवढा मोठा हवाच. फोरमन ओरडायचा, तेव्हा टार्मो हसायचा. सगळी पाळी गाण्यात गेली म्हणून त्याला केवढा आनंद व्हायचा! नाडी तशीच खोचून तो निघाला.

खोलीत नेहमीची मंडळी होती. शिवाय हेन्रीका, औषधाच्या दुकानातली, शरद ऋतूत ओउलूहून आलेली. तिशीची, चष्मा, बोलणं थेट. तिची ही दुसरीच खेप, त्यामुळे टार्मोला 'कान' का म्हणतात हे तिला धड ठाऊकही नव्हतं.

उर्पोने रिमिक्स लावलं. टार्मो डोळे मिटून बसला. खालचे सूर बर्फाखालच्या पाण्यासारखे संथ सरकले, मग मधली धून आली. छान झालंय, खरंच छान झालंय, असं त्याच्या मनात आलं. फक्त वर जरा कोरडं वाटतंय. घरी एवढं वाढवूनही.

धून संपली. कौकोने कानात बोट घालून हलवलं आणि पटकन हात खाली घेतला.

"टार्मो, तू सुरू कर," कुणीतरी म्हणालं. नेहमी तोच सुरू करायचा.

टार्मोने परक्याचा आवाज काढला. "खालचं काम चांगलं. मधलं मनापासून केलंय. वर थोडी चमक हवी."

सगळ्यांनी खाली पाहिलं. कॉफीच्या कपांत असं काय होतं कुणास ठाऊक, पण सगळे तिकडेच बघत होते.

"अजून?" हेन्रीका म्हणाली. ती थट्टा करत नव्हती, तिला खरंच समजत नव्हतं. "अहो, माझे दात शिवशिवले! वरच्या झांजा म्हणजे काचेवर सुरी ओढल्यासारख्या वाजतायत. खालचं ऐकून मला रडू येत होतं, आणि वरचं ऐकून पळून जावंसं वाटत होतं. ज्याने कुणी केलंय ना, त्याला हे ऐकूच येत नसणार. नाहीतर इतकं सुंदर बांधणारा माणूस असं करणार नाही."

कौकोची पाळी आली. "मला... बरं वाटलं," तो बुटांकडे बघत म्हणाला. लांब पल्ल्याचा ट्रकवाला, पण आवाज शाळकरी पोराचा झाला होता.

मग उर्पोची पाळी. त्याने घाम पुसला.

"हेन्रीका बरोबर बोलतेय," तो म्हणाला. "आणि हे आजचं नाही. तुम्ही सगळे इथे ट्रेबल वाढवता ना, मी ते घरी नेऊन खाली आणतो आणि मगच आपल्या मंडळाच्या वेबसाइटवर चढवतो. सगळ्यांना माहीत आहे. एकाला सोडून." त्याचा आवाज फुटला. "मला वाटलं, कशाला उगाच. त्याला एवढंच तर आहे. पण हे चुकलं. इथे तरी खोटं नको होतं."

टार्मोला आधी राग आला, इतका की उर्पोची गचांडी धरावी. इतकी वर्षं ही माणसं त्याच्या तोंडाकडे बघून माना डोलवत होती आणि पाठीमागे त्याचं बोलणं पुसून टाकत होती. ज्या एका खोलीत त्याने खरेपणाचा कायदा केला, तिथे सगळ्यात मोठं खोटं त्यालाच वाढलं गेलं होतं. आणि प्रेमाने वाढलं होतं, हे तर आणखीच वाईट. मग राग ओसरला आणि खाली नुसती भीती उरली. पाखरांच्या चोची आठवल्या.

"कुणाचं आहे?" उर्पोने नियमाप्रमाणे विचारलं. त्याने टार्मोकडे मुद्दाम बघितलं नाही. "उठायचं असेल तर उठा. नसेल तर पुढचं लावतो."

बसून राहणं सोपं होतं. कायदाच तसा होता, त्यानेच केलेला. उर्पो मेला तरी नाव सांगणार नाही. पुढच्या रविवारी पुन्हा सगळे त्याच्या मताची वाट बघतील, पुन्हा माना डोलवतील, उर्पो पुन्हा घरी जाऊन पुसेल. त्याचा मान जागच्या जागी राहील. उर्पोचा हात पुढचं रिमिक्स लावायला सरकला.

टार्मो उठला. खुर्ची मागे सरकली तसं हेन्रीकाने तोंडावर हात ठेवला.

"अरे देवा, तुमचं? मला माहीत नव्हतं, मी..."

"गप," टार्मो म्हणाला. "माफीबिफी मागू नकोस. नियम मोडशील."

तो टेबलापाशी गेला. उर्पोने सरकून जागा दिली. डोळे पुसताना त्याचं कोपर लागून एक कप उलटला, पण कुणी तो उचलला नाही. टार्मोने धून पुन्हा सुरू केली आणि ट्रेबलच्या बटणावर बोटं ठेवली. ही बोटं जाड, गिरणीतली, पण या बटणावर ती कधी चुकली नव्हती. त्याने बटण थोडं खाली फिरवलं आणि कान दिले. काही बदललं नाही. आणखी फिरवलं. धून होती तशीच वाजत होती, संथ, जराशी कोरडी. कुठे थांबायचं हे त्याला समजेना.

मग त्याने मान वर केली आणि हेन्रीकाकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठी होती. तिच्यावरची नजर न काढता तो बटण फिरवत गेला. कौकोचे आखडलेले खांदे आधी उतरले. उर्पोने धरून ठेवलेला श्वास सोडला. आणखी फिरवलं. हेन्रीकाची आठी सुटत सुटत गेली, चेहरा मोकळा झाला, आणि ती डोळे मिटून ऐकू लागली. मागच्या रांगेतल्या एका बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

"इथे?" टार्मोने विचारलं.

हेन्रीकाने डोळे न उघडता होकाराची मान हलवली. त्याने बटणावरचा हात काढला.

मघाची धून आणि आत्ताची, त्याच्या कानाला कणभरही फरक नव्हता. तो टेबलापाशी तसाच उभा राहिला आणि आपलं रिमिक्स कसं झालंय हे त्यांच्या चेहऱ्यांवर बघत राहिला, धून संपेपर्यंत.