आफ्रिकेचे कोरडे दिवस

कोरेगावच्या एका बागायतदाराने मला आफ्रिकेला नेतो म्हणून कबूल केलं आणि नेलं नाही. हे सांगितलं की लोक म्हणतात, फुकटचा प्रवास हुकला, एवढंच ना. एवढंच नव्हतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईत मी आणि माझा धाकटा भाऊ खेचरांच्या पलटणीत होतो, केनियात. म्हसवडकडची आम्ही माणसं, जनावरांमागे वाढलेली, म्हणून दोघांची भरती तिथेच झाली. पाय मोडल्यावर मला घरी धाडलं. भाऊ मागे राहिला आणि तापाने गेला. त्याला तिथेच अग्नी दिला. तळाबाहेर सडकेच्या कडेला दगड उभा केलाय, त्यावर त्याच्यासकट चौघांची नावं मराठीत कोरली आहेत, असं पत्र आलं. आईला अक्षरओळख नव्हती, तरी तिने एकच धोसरा धरला होता, "नाव नीट कोरलंय का रं त्याचं?" मी काय सांगणार? दगड मी पाहिलाच नव्हता.

परत आल्यावर चार मेंढरांपासून सुरुवात केली. लढाई संपली तेव्हा माणदेशातली मेंढरं मी सांगलीच्या बाजारापर्यंत पोचवत होतो. कुणी हात दिला नाही. रुमालाखाली बोटं धरून भाव करताना तोंडावर रेघ हलू द्यायची नाही, एवढी एकच विद्या माझ्यापाशी होती. ज्याच्या तोंडावर गरज दिसली, त्याचा भाव पडला.

त्या बागायतदाराचा मेहुणा नैरोबीला रेल्वेत होता. त्याने लिहिलं होतं की दोघे जण या, हत्ती, सिंह, सगळं दाखवतो. मी तो मुलूख पाहिलेला म्हणून बागायतदाराने मला आपल्या गुऱ्हाळावर बोलावून घेतलं. रसाची काहील उकळत होती, गुळव्या पळी हलवत होता. मालकाने ताजा गूळ पुढे ठेवला आणि विचारलं, जनावर कवा दिसतं?

मी म्हटलं, "सांगतो. पन दुसरा माणूस मी."

तो हसला. मेंढरामागं फिरून पोट भरलं न्हाई व्हय, म्हणाला. बरीच ओढाताण झाली. शेवटी त्याने माझ्या हातावर हात दिला. आमच्यात त्याच्यावर कागद लागत नाही.

मग मी अर्धं सांगितलं. कोरड्या दिवसांत जायचं. पाणी आटलं की मैलोन्‌मैलांवरचं जनावर एका डबक्यावर येतं. गवत वाढलं की हत्तीसुद्धा हाताच्या अंतरावर दिसत नाही. हे बागायतदाराला पटवायला वेळ लागला. त्याचा जन्म पाटाच्या पाण्याकाठी गेलेला. हिरवं असेल तिथे जनावर, एवढंच त्याला ठाऊक. पण महिना मी सांगितला नाही. तिकडे चैत्र-वैशाखात झड लागते आणि इकडे आषाढ-श्रावण असतो तेव्हा तिकडची जमीन तडकते. एवढं मी तारण म्हणून हातात ठेवलं. दगडाबद्दलही बोललो नाही. बोललो असतो तर माझी गरज त्याला कळली असती.

फाल्गुनात गुऱ्हाळ थंडावलं. बाजाराला गेलो तेव्हा मालकाने आपल्या घराच्या ओट्यावर बसवून घेतलं. म्हणाला, "जावयाला न्यावं लागतंय. नवा जावई, रुसला तर पोरीला तरास. तुमी तर बघितलंय समदं."

मी हाताची आठवण करून दिली. आवाज चढला, गडी गोळा झाले. बागायतदार आहेस की बाजारबुणगा, इथवर माझी जीभ गेली. जावई आतून पान खात आला आणि म्हणाला, "जनावरंच बघायची तर मेंढरं हायती की तुमच्याकडं, पावनं." गडी हसले.

मालक मात्र शांत होता. "चैत्रात निघतोय. कोरडंच असंल न्हवं?"

"लय बेस," मी म्हटलं आणि उठलो.

ज्येष्ठात तो बाजारात भेटला. भांडेल म्हणून मी तयारीतच होतो. त्याने उलट माझा दंड धरून बाजूला नेलं. रोज पाऊस, म्हणाला, काळ्या रानात गाडी आसापर्यंत रुतली, गवतावर जिराफाच्या दोन माना दिसल्या तेवढ्याच. मला बरं वाटलं. पुढे तो म्हणाला, "एके ठिकानी सडकंच्या कडंला दगड व्हता. आपल्याकडच्या शिपायांचा. मराठीत नावं कोरलेली."

"वाचली?"

"कुठली? धो धो पाऊस. गाडीतनंच हात जोडलं." माझ्या तोंडाकडे पाहून त्याने विचारलं, "का वं, कोण वळखीचं?"

भाऊ, मी म्हटलं.

त्याने माझा दंड सोडला. "तवाच बोलायचं न्हाई का गड्या? जावयाला घरी बसवला असता."

ते खरं होतं की खोटं, मी आजही ठरवू शकलेलो नाही. सौदा मोडल्यावर चढा भाव बोलायला कुणाचं काय जातं? हात देऊन फिरला तो, हे मी त्याला त्या दिवशीही माफ केलं नाही आणि आता तर तो राहिलाही नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं, ती माणसं दगडाजवळून गेली, पण पावसामुळे उतरली नाहीत. ती तांदूळ निवडत होती. पलटणीतून आल्यावर मी तिला तिकडचं सगळं वर्णन करून सांगितलं होतं, पावसापाण्यासकट.

"चैत्रात तिकडं झड असती, तूच म्हनला व्हतास," ती म्हणाली. "त्यास्नी सांगितलं न्हाईस?"

मी पागोटं उतरवून खुंटीला लावलं. तिने सूप तसंच खाली ठेवलं, आणि त्यानंतर नावाचं तिने मला कधी विचारलं नाही.