लोहारदेवाचं गाळलेलं पान

मी बोलायला फटकळ आहे, हे आमच्या तंत्रशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे त्या शुक्रवारी मी भागूबाईसारखं अख्खं पान गाळलं, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. पण गाळलं खरं.

आमच्याकडे फिटर, वेल्डर आणि लोहारकाम शिकायला मुलं-मुली येतात. वर बसलेल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की यांना आठवड्यातून एक तास साहित्यही हवं. नेमलं काय, तर ग्रीकांचं एक प्राचीन महाकाव्य, भाषांतरात. आणि खोली दिली भट्टीला लागून. मधली भिंत म्हणजे नुसत्या फळ्या. पलीकडे घण, अलीकडे मी. पहिल्या महिन्यात माझा घसा बसला आणि मुलं एवढंच शिकली की बाईंना राग लवकर येतो.

पलीकडे भट्टीवरचे मास्तर. वय चौपन्न, मनगटं ही एवढाली, उजवा पाय जन्मापासून आखूड. वडीलही लोहारच. भावांना धावता येत होतं, ते बाहेरच्या कामांना गेले. याला एका जागी उभं राहता येत होतं, म्हणून सातव्या वर्षी वडिलांनी भात्यावर बसवलं. शाळेत विजेचा ब्लोअर आला तरी मास्तर नव्या मुलांना पहिला महिना हातानेच भाता ओढायला लावत. "ज्याला वारा कळत नाही त्याला विस्तव कळत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कामाला वाघ माणूस, पण चारचौघांत बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप.

त्याच आठवड्यात तपासणीला साहेब आले होते. मास्तर त्यांना भट्टी दाखवत पुढे चालले होते आणि मागून एका उंच मुलाने त्यांच्या चालीची नक्कल केली. मुलं हसली. साहेबही हसले. मास्तरांनी वळून पाहिलं, काय ते समजले आणि मुकाट्याने ऐरणीकडे गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला की मला भट्टीवरून काढा आणि स्टोअरला बसवा. अर्ज टाइप केला त्यांच्या बायकोनेच. त्या आमच्या ऑफिसात टायपिस्ट आहेत.

"तीन वेळा चुकले हो," वहिनी मला म्हणाल्या. "इथे तेहतीस वर्षं घण मारला, आता हा माणूस खिळे मोजत बसणार."

सोमवारी अर्जावर प्राचार्यांची सही व्हायची होती. दुसरा लोहार कुठून मिळणार? भट्टी थंड पडणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

आणि नेमका त्या शुक्रवारी पुस्तकात लोहारदेव आला. प्रसंग असा: एका महान योद्ध्याचं चिलखत युद्धात शत्रूच्या हाती गेलंय. त्याची आई, समुद्रातली देवी, नवं चिलखत मागायला देवांच्या लोहाराकडे येते. आता हा लोहार लंगडा आहे. कवी ते एकदा सांगून थांबत नाही. लंगडत आला म्हणतो, पाय काटकुळे म्हणतो. आदल्या दिवशी वाचतानाच मला घाम फुटला. फळीपलीकडे मास्तर, पहिल्या बाकावर तो उंच नकलाकार. म्हणून मी पेन्सिलीने खुणा केल्या आणि वर्गात सरळ वाचलं की देवी आल्याचं कळताच लोहारदेवाने सदरा चढवला आणि तो बाहेर आला.

पलीकडचा घण थांबला. जरा वेळाने मास्तर दारात उभे.

"मध्येच बोलतो बाई, माफ करा. पण हे खोटं आहे."

"काय खोटं?"

"भट्टीवरचा माणूस असा उठून जात नाही. आधी भाता विस्तवापासून बाजूला घेईल. हत्यारं आवरेल. मग तोंड पुसेल, हात, मान, छाती. तेव्हा कुठे सदरा. तुमच्या पुस्तकातलं काहीतरी गेलंय."

पुस्तकात अगदी हेच होतं. भाता बाजूला, हत्यारं चांदीच्या पेटीत, मग ओल्या स्पंजाने तोंड, हात, मान, छाती. क्रमसुद्धा तोच. अडीच हजार वर्षांहून जुनं काव्य, आणि हा माणूस न वाचता मला त्यातल्या गाळलेल्या ओळी सांगत होता. मी ते पुस्तक दहा वेळा वाचलं होतं. दहाही वेळा तिथून चटकन पुढे गेले होते.

"गेलं नाही मास्तर, मी गाळलं," मी म्हटलं. "तो लोहार लंगडा आहे."

मास्तर चौकटीला टेकले.

"वाचा."

मी वाचलं. काठी घेतली, लंगडत आला, सगळं वाचलं.

"हसतात का त्याला?" मास्तरांनी विचारलं.

"हसतात. सुरुवातीलाच. सगळे देव, पोट धरधरून."

"आणि चिलखत मागायला?"

"याच्याकडेच आली. दुसऱ्या कुणाला करताच येत नव्हतं."

मास्तर आत आले, मागच्या बाकावर बसले, पाय लांब केला. "पुढे वाचा," म्हणाले.

मग मी वाचत गेले. वीस भाते, कामाला हवा तसा वारा घालणारे, कधी जोरात, कधी हळू. एका ढालीवर पृथ्वी, आकाश, दोन शहरं, नाचणारी मुलंमुली. नांगरलेलं शेत सोन्याचं, तरी नांगरामागे माती काळी दिसते. इथे मास्तर उठून उभेच राहिले.

"सोन्यात काळं? कसं केलं असेल हो?" तेहतीस वर्षं घण मारलेला माणूस मला विचारत होता. "हे रचणारा लोहार होता का?"

"आंधळा होता म्हणतात."

"मग ऐकून केलंय," मास्तर हळूच म्हणाले. "भाता जोरात की हळू, ते कानालाच आधी कळतं."

घंटा झाली तरी कुणी जागचं हललं नाही. मग तो उंच मुलगा उभा राहिला. "सर, त्या दिवशी मी..." पुढे त्याला बोलवेना.

"चाल छान जमते तुला," मास्तर म्हणाले. "पण तू डावा पाय ओढत होतास. माझा उजवा आहे."

वर्ग हसला, मास्तरही हसले, आणि तो मुलगा मात्र रडायला लागला. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मुलं पांगल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले.

"ज्याच्यासाठी केलं, तो युद्धातून वाचतो का बाई?"

"नाही. लवकरच मरतो. आणि लोहारदेवाला ते आधीच ठाऊक असतं. त्याच्या आईला तसं बोलूनही दाखवतो."

"ठाऊक असून एवढं काम केलं?"

"हो."

मास्तरांचे डोळे भरून आले. ते लपवायच्या भानगडीत न पडता ते तसेच ऑफिसात गेले. पुढचं मला वहिनींनी सांगितलं. मास्तरांनी अर्ज परत मागितला. प्राचार्यांनी कारण विचारलं, तर म्हणाले, मुलांपैकी एकालाही अजून तापल्या लोखंडाचे दोन तुकडे धड जोडता येत नाहीत, आणि वर्ष संपायला चारच महिने राहिलेत.