अक्का आणि तिची बाजाराच्या दिवशीची बैठक

अक्काला सरकारी खाती कधी कळलीच नाहीत. आरोग्याचं खातं वेगळं, बालवाडीचं वेगळं, रोजगार हमीचं आणखी वेगळं, हे मी तिला कितीदा समजावलं. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "पोरगं तर एकच हाय की साहेब."

चाकूरकडच्या एका गावात ती बालवाडी चालवायची. कपाळावर विभूती, पायात टायरच्या चपला. दुष्काळात सगळं गाव रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेलं, तशी पोरांमागोमाग हिची बालवाडीही तिथंच गेली. बाजाराच्या दिवशी ती नर्सबाई, मुकादम आणि गुरुजी यांना एका बाभळीखाली बसवायची आणि एकेका मुलाचं नाव घेऊन विचारायची, "ह्याचं कोण बघणार?" कोणीतरी हो म्हणेपर्यंत पुढचं नाव निघत नसे. आमच्या कचेरीत कोणाला खरं वाटत नसे, पण मुकादमानं पोरांसाठी सावलीला मांडव घातला तो या बैठकीमुळेच.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. आरोग्य खात्यात मी नवा कारकून. शिक्के नवे आणि माझा तोराही नवा. एके दिवशी अक्का अर्ज घेऊन आली. कामावरच्या पोरांना दिवेलागणीला दिसेनासं झालं होतं, त्यांना जीवनसत्त्वाचं औषध हवं होतं. बाटल्या माझ्या मागच्या कपाटातच होत्या. पण अर्जावर जिल्हा जुना लिहिलेला, त्यात मागणी बालवाडीची. "तुमच्या खात्यामार्फत या," म्हणून मी अर्ज परत केला.

"रेणुका म्हणून पोर हाय, तिचे डोळे लई कोरडे पडलेत. तिच्यापुरतं तरी द्या."

मी नियम सांगितला. खरं म्हणजे नियमापेक्षा मला तो सांगण्याचीच हौस जास्त होती. आज त्याची लाज वाटते.

अक्का खात्यामार्फत आली. मध्ये तीन बाजार गेले होते. बाकीची पोरं सावरली. रेणुकाचे डोळे गेले.

अक्कानं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे ती रेणुकाला हाताला धरून आली. अंध मुलांच्या शाळेसाठी सरकारी डॉक्टरांचा दाखला हवा होता. कागद घेऊन मी स्वतः टेबलाटेबलांवरून फिरलो आणि तासाभरात दाखला आणून दिला.

"साहेबाला नमस्कार कर बाय," अक्का तिला म्हणाली. "लई लवकर काम केलं त्यांनी."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी कुठं उभा आहे हे पोरीला कळलं नाही. तिनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीला हात जोडले.