धर्माबादच्या समुद्राचा तुकडा

“साहेब, यात सोनं हाय का?”

“नाही हो मामा. समुद्र आहे.”

शिवलिंगप्पा मामांना वाटलं, मला ऊन लागलंय. धर्माबादजवळ त्यांच्या शेताला लागून ती टेकडी होती. एका क्रशरवाल्याने ती खडीसाठी मागितली होती. मी भूवैज्ञानिक. हरकत आहे की नाही, एवढंच सांगायला नांदेडहून आलो होतो.

आमच्या भागातला काळा दगडही लाव्हाचाच, पण जमिनीवर पसरलेला. टेकडीवरचे हे दगडी गोळे त्याहून कितीतरी जुने. लाव्हा पाण्यात शिरला की वरून झटकन थिजतो, आतून फुगत राहतो आणि लोडांसारखे गोळे एकमेकांवर बसतात. आम्ही त्याला पिलो लाव्हा म्हणतो. त्यात वायूच्या बुडबुड्यांची चांगली मोठी भोकं होती. खोल पाण्याचा दाब बुडबुड्यांना फुगू देत नाही. म्हणजे इथला समुद्र उथळ होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी दगडासमोर खुळ्यासारखा हसलो.

नांदेडला माझ्या वरच्या साहेबांना फोन केला. “सर, ही टेकडी वाचवायला हवी.”

“नुसतं बघून? लॅब रिपोर्ट लागेल. सॅम्पल आणा.”

सॅम्पल म्हणजे आतला ताजा तुकडा. माझी हातोडी नुसती उडत होती. कटर मशीन हवं, म्हणजे मागणी, मंजुरी, गाडी. मी मामांना बजावलं, “मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका. फार म्हातारा दगड आहे हा.”

“बिनघोर जा. म्हातारं मानूस सांभाळतोच की आमी.”

कटर मिळेपर्यंत पावसाळा उलटला. गेलो तर गोळ्यांवर भस्माचे पट्टे, बेलाची पानं, वर पत्रे, भोवती पांढऱ्या टाइल्स. टाइल्स क्रशरवाल्यानेच दिल्या होत्या. त्याने शेजारच्या गावची टेकडी धरली होती.

मी कटर उतरवताच मामा आडवे आले.

“अंगठ्याएवढा तुकडा, मामा.”

“न्हाई साहेब. तुमीच म्हनलाव, कुनालाबी हात लावू देऊ नका.”

“अहो, पण मी सोडून!”

“क्रशरवाल्याला हेच सांगितलं, त्यो ऐकला. आता तुमाला लावू दिलं तर त्याला काय तोंड दाखवू?”

चपला काढून आत गेलो, कपाळाला भस्म लावून घेतलं आणि कटर परत गाडीत टाकला.

सॅम्पल नाही म्हणून रिपोर्ट नाही. रिपोर्ट नाही म्हणून सरकारी कागदावर तिथे समुद्रही नाही. साहेबांनी फाइल बंद केली. मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण दगड जागेवर आहे.

नव्या पोरांना आता मी एकच सांगतो. आधी आपला तुकडा काढून घ्या, मग गावाला दगडाचं वय सांगा.