आत्याचे जुने गुडघे

आमच्या आत्याला दारात उभी बघून ज्याला आनंद झाला, असा माणूस किन्हीराजापासून जऊळक्यापर्यंतच्या पट्ट्यात शोधून सापडायचा नाही. आणि तिच्यावाचून एखादी मयत धड उठली, असंही त्या पट्ट्यात कधी झालेलं नाही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. उंच, काटक, काखेत काळी छत्री आणि हातात कापडी पिशवी. पिशवीत तुळशीची पानं, कापूर, कोरं कापड आणि स्वतःसाठी मूठभर फुटाणे, कारण मयतीच्या घरी चूल पेटत नाही आणि आत्याला भूक आवरत नाही. बाकीचे लोक निरोप आल्यावर मयतीला जातात. आत्या निरोपाच्या आधी जायची. कुणाच्याही ओट्यावर टेकायची, पदरानं घाम टिपायची आणि विचारायची, "समदे बरे हायेत ना बाप्पा?" एवढ्यानं त्या घराच्या तोंडचं पाणी पळे. सून आत जाऊन झोपलेल्या सासऱ्याच्या नाकापुढे बोट धरून येई, आणि मग चहा ठेवी. तो चहा आत्या कधी पूर्ण पीत नसे. तो पूर्ण होईपर्यंत वेळच मिळत नसे.

एकदा ती माजी सरपंचांच्या ओट्यावर अशीच जाऊन बसली. सरपंचांच्या वडिलांना त्यांच्या मुलांनी पत्त्यांच्या डावावरून उचललं आणि म्हातारा शिव्या देत असताना गाडीत घालून वाशीमकडच्या आमच्या मालेगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं तपासून सांगितलं की यांचं काळीज तुमच्यापेक्षा दणकट आहे. हसत खिदळत मंडळी परत आली, तर शेजारच्या घरासमोर माणसं जमलेली. त्या घरातला सुतार, सकाळी रंधा मारत बसलेला, जेवून आडवा झाला तो उठलाच नव्हता. आत्या तोवर त्याच्या ओट्यावर सरकून बसली होती. सरपंचांनी तिला जाब विचारला तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "गुडघ्याले घर थोडंच समजते? त्याले गल्ली समजते."

हो, हे सगळं तिला गुडघ्यांतून कळायचं. उजवा वाजला तर गावात, डावा वाजला तर गावाबाहेर. आवाज मी स्वतः कित्येकदा ऐकला आहे. वाळलेली तुराटी मोडावी तसा कट् असा एक, मग थोडं थांबून दुसरा. आत्या बसलेली असताना, पाय हलवलेला नसताना तो यायचा, हे मला लहानपणापासून खटकत आलं आहे. मालेगावहून येणाऱ्या एस.टी.त एकदा तो वाजला आणि आमच्या गावची जेवढी माणसं बसली होती तेवढी पुढच्या फाट्यावर निमूट उतरून गेली. उरलेल्या परक्या लोकांना काही कळेना. कंडक्टर म्हणाला, "काहून उतरले हे लोकं?" आत्या खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी गाडी चालू द्या. आपल्यातलं नाही हे. मांगच्या गावचं हाये." गावात पोचलो तर मागच्या गावचा निरोप आमच्या आधी येऊन बसला होता.

तिला लोक मनातल्या मनात भीत आणि तोंडावर हसत. पण ती ज्या घरी जाई तिथल्या जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाण्याचा घोट पडे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं पुण्याला, लेकी सासरी, अशा वेळी उशाशी आत्या असे. एवढा अट्टहास का, हे तिनं मला एकदाच सांगितलं. तिचे यजमान, आमचे काका, शेतात वारले त्या दुपारी तिचा उजवा गुडघा वाजला होता. ती पापड लाटत होती. थकवा असेल म्हणून तिनं पाय पसरले आणि पुढचा पापड घेतला. काका बांधावर एकटेच गेले. "तवापासून वाजला का निंगाली," ती म्हणाली, आणि पिशवीतले फुटाणे मला देऊन उठली. मला तेव्हा रडू आलं होतं.

मयतीहून परत आल्यावर ती कधी थेट घरात शिरली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राही आणि घरात जो असेल त्याला हाक मारी. मग त्यानं आतून तांब्या आणून तिच्या पायांवर पाणी घालायचं, कडुलिंबाचं पान द्यायचं, की ती आत. पाणी घातल्याशिवाय आत आलं तर आपल्या मागं मागं दुसरंही कोणी आत येतं, असं ती सांगे. हे ती इतक्या साध्या आवाजात सांगे की ऐकणारा हटकून मागं वळून बघे.

पण शेवटी गुडघे झिजले. उठायला भिंत लागू लागली, बसायला खाट. कळायचं वेळेवर, पोचायची उशिरा. एकदा ती धापा टाकत पोचली तेव्हा अंगणात नुसती सांडलेली फुलं होती. त्या दिवशी परत येताना ती वाटेत दगडावर बसून रडली. मी वाशीमला नोकरीला, तिथून तिला अकोल्याच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. त्यांनी फोटो काढले, गादी पार झिजली आहे, हाडावर हाड घासतंय, दोन्ही सांधे बदलावे लागतील, असं सांगितलं. आत्यानं एकच विचारलं. "नव्या वाट्या वाजतीन का?" डॉक्टर अभिमानानं म्हणाले, "अजिबात नाही. आवाजच बंद." आत्याचा चेहरा पडला. डॉक्टरांना वाटलं ती घाबरली.

आता तिच्यापुढे खरा पेच होता. गुडघे ठेवावे तर कळेल पण पोचता येणार नाही. बदलावे तर पोचता येईल पण कळणार नाही. आणि तिला एका ठिकाणी पोचायचंच होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, बौद्ध वस्तीत, तिची मैत्रीण गयाबाई राहायची. दोघींनी उभा जन्म शेजारशेजारच्या तासात, पऱ्हाटीच्या ओळीत, कापूस वेचला, एकमेकींच्या सुनांची निंदा केली, आणि जी आधी जाईल तिच्या तोंडात दुसरीनं पाणी घालायचं असं ठरवून टाकलं. गयाबाईची छाती दोन हिवाळ्यांपासून भरत होती. आधी कोण, याबद्दल दोघींनाही शंका नव्हती.

मी आत्याला गयाबाईकडे घेऊन गेलो. गयाबाई वालाच्या शेंगा सोलत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "आप्रेशन कर बाई. कळवाले मोबाइल हाये. पोचाले पाय लागते."

"आन् मोबाइल नाही लागला तं?" आत्या म्हणाली.

"तं मी थांबीन थोडी. मले कुठं एस.टी. पकडाची हाये?"

ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी आत्यानं डॉक्टरांना विचारलं की काढलेले गुडघे घरी न्यायला मिळतील का. डॉक्टर म्हणाले, "तसं देता येत नाही आत्या, ते सगळं नियमानं जाळून टाकतात." आत्या म्हणाली, "जाळता तं बरोबर. पन संगं कोन राह्यते? पानी कोन घालते?" डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. आत्या हसली नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या मयतीला धावलेले ते दोघे, आणि त्यांच्याच मयतीला कोणी नाही, हे तिच्या मनाला लागलं होतं.

कमरेत सुई देऊन ऑपरेशन झालं, म्हणजे ती जागीच होती. पुढं तिनं मला सांगितलं, "सुतार चौकट ठोकते तसं ठोकून राह्यले होते बापू. दुखलं नाही. मंग ठोकणं थांबलं, आन् कोनीतरी दाराकडं चालत गेलं. कट्, कट्. म्या वळखलं." भुलीत असं वाटतं, असं मी तिला समजावलं. ती बरं म्हणाली. मोठ्या माणसांनी लहानांना म्हणावं तसं.

बरं होणं आमच्या वाशीमच्या घरी सुरू झालं आणि तिथंच अडलं. व्यायाम शिकवायला एक तरुण बाई येत. टाचेखाली उशी घ्या, गुडघा दाबा, आता वाकवा. आत्या त्यांना विचारी, "तुह्या घरचे समदे बरे हायेत ना?" तिसऱ्या खेपेपासून त्या बाई दारातूनच "सगळे बरे आहेत आत्या" असं ओरडत आत येऊ लागल्या. जखम भरली, सूज ओसरली, वॉकर आला, पण आत्या पाय टाकेना. तासन्‌तास दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, मान वाकडी करून ऐकत बसे. "मुके हायेत," म्हणे. "मुक्याच्या भरवशावर कुठं जाऊ?" मी रागावलो, बायकोनं गोड बोलून पाहिलं, डॉक्टरांनी सांगितलं की आता नाही चाललात तर सांधे आखडतील. तिच्यावर कशाचाच परिणाम झाला नाही. मला भीती वाटू लागली की ही बाई आता खाटेवरूनच जाणार, आणि तिकडं गयाबाई वाट बघत राहणार.

शेवटी हट्ट करून ती गावी गेली. तिथं तिच्या सूनबाईनं सांभाळलं. मी रविवारी जायचो. पहिल्याच रविवारी दिवेलागणीला तिनं सुनेकडून तांब्या मागून घेतला, वॉकर ढकलत कशीबशी उंबऱ्यापर्यंत गेली आणि बाहेरच्या फरशीवर पाणी ओतलं. मी विचारलं काय करतेस. "ते मयतीहून येऊन राह्यले," ती म्हणाली. "त्याइच्या पायावर पानी कोन घालीन?" मी सुनेकडे पाहिलं. सून खाली बघत म्हणाली, "रोजच आहे हे भाऊजी. आणि आवाज मलाही येतो." मी हसणार होतो. तेवढ्यात गल्लीच्या कोपऱ्याकडून कट् ऐकू आलं. मग जरा जवळून. मग ओट्याशी. पाणी पडलेल्या फरशीजवळ येऊन ते थांबलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आत्यानं कडुलिंबाची डहाळी उंबऱ्यावर ठेवली आणि आत येऊन मला म्हणाली, "चहा घेशीन ना?" मी घेतला, दाराकडे पाठ न करता.

पुढचा प्रकार पौषातल्या एका दुपारचा. अंगणात तुरीच्या शेंगा वाळत होत्या, आत्या खाटेवर ऊन खात होती आणि मी पेपर वाचत होतो. आवाज घरातूनच सुरू झाला आणि या वेळी तो बाहेर निघाला. खाटेजवळून, उंबऱ्यावरून, शेंगांच्या कडेनं. एकही शेंग हलली नाही. आत्या उठली. वॉकर जागच्या जागी राहिला. मी म्हणालो, "आत्या, पडशील." ती म्हणाली, "तांब्या घे," आणि चालू लागली. जी बाई वॉकरवाचून न्हाणीपर्यंत गेली नव्हती ती रस्त्यानं सरळ चालली होती, आणि तिच्या पुढं दोन हातांवर ते वाजत होतं. पारावरचे लोक उठून उभे राहिले. वस्तीच्या वळणापासून ते झपझप पुढं निघून गेलं. नव्या गुडघ्यांचा मात्र कणभर आवाज नव्हता.

गयाबाईच्या दारात तिची सून उभी होती. आत्याला बघून ती गोंधळली. "तुमी आता येऊन राह्यल्या? मंग मघाशी अंगनात कोन वाजलं? मले वाटलं तुमीच, म्हणून म्या चहाही ठेवला." आत गयाबाई उशीला टेकून बसली होती. श्वास लागलेला, पण डोळे चांगले हसरे. ती म्हणाली, "जयभीम बाई. मोबाइल लावाच्या आंधीच आली का?"

"जयभीम. माह्याआंधी ते आले," आत्या म्हणाली.

"तं बस. पाय दुखत असतीन."

आत्यानं तांब्यातलं पाणी तिला चमच्यानं पाजलं. दोघी ऊन उतरेपर्यंत बोलत राहिल्या, बहुतेक सुनांविषयी, आणि सून बिचारी तिथंच बसून ऐकत होती. गयाबाईचा मुलगा नोकरीच्या गावाहून पोचला. सांज व्हायच्या आत गयाबाई गेली. आत्यानं तो चहा, गार झालेला, पहिल्यांदाच पूर्ण संपवला.

त्या संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा उंबऱ्याबाहेर आत्याच्या पायांवर मी पाणी घातलं. ती म्हणाली, "बाजूलेही घाल." मी बाजूलाही घातलं, दोन पायांपुरतं. त्यानंतर आवाज पुन्हा कुणीच ऐकला नाही.

आत्या आता झक्क चालते. लग्नांना जाते, बारशांना जाते, कारंज्याला लेकीकडे एस.टी.नं एकटी जाऊन येते. लोक तिला हाक मारून बोलावतात, बिनधास्त चहा पाजतात, आणि ती तो शेवटच्या घोटापर्यंत पिते. पण त्यात काही चव नाही असं तिचं म्हणणं. गावात कोणी गेलं तर तिला इतरांसारखंच मागाहून कळतं, आणि मग ती दिवसभर कुणाशी बोलत नाही. मागच्या खेपेला मला निरोप द्यायला ती फाट्यापर्यंत आली. म्हणाली, "समद्याइच्या येळेले मी गेली. माह्या येळेले कोन येईन रे?"

"मी येईन," मी म्हणालो.

"तुले कळन कसं?"

"फोन चालूच असतो माझा."

"हो, फोन हाये म्हना," ती म्हणाली, आणि माझ्या शर्टाची कॉलर सारखी केली.

फोन मी खरंच बंद ठेवत नाही. पण भरवसा विचाराल तर माझा जिन्यात कधीतरी वाजेल त्या कट् आवाजावर आहे. वाशीमला आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, एका मजल्यावर चार दारं, सगळी एका रंगाची. गुडघ्याला घर समजत नाही, गल्लीच समजते. त्यांनी उगाच शेजाऱ्यांच्या दाराशी ताटकळू नये, म्हणून दिवे लागले की मी आमचं दार थोडं उघडं ठेवतो, आणि उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या.