कांचघरची डोळे मिटलेली बैठक

माणसं गप्पांना जमली की किस्से होतात, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण गप्प बसायला जमली तर जास्त होतात! आमच्या जबलपूरच्या बैठकीत घटकाभर तोंड उघडायला बंदी होती. मनात साचलेलं सगळं मग चहासोबत बाहेर पडायचं. ते मला अजून पुरून राहिलं आहे.

बैठक गोंडाणेमामांची. मामा आमच्याच तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत फिटर, मूळचे भंडाऱ्याकडचे. दीक्षा घेऊन आले, अन् कांचघर वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांतल्या एका खोलीत त्यांनी बुद्धाची छोटी मूर्ती मांडली. दर रविवारी तिथं सतरंजी पडायची. आम्ही फॅक्टरीतले दहा-बाराजण अन् वच्छलामामी, डोळे मिटून आपापला श्वास पाहत बसायचो.

एकाहत्तरच्या लढाईचं वारं सुरू झालं. रविवार ओव्हरटाइममध्ये गेले. आम्हाला वाटलं, बैठक आता बंद.

"काहून बंद?" मामा म्हणाले. "श्वास बंद झाला का तुमचा?"

त्या दिवसापासून रविवारची बैठक शिफ्ट सुटल्यावर भरू लागली. अंगावर तेलकट कपडे असले तरी चालतील, पण यायचं!

*

डोंगरे माझा जोडीदार. आम्ही दोघंही गोळ्यांत दारू भरायच्या सेक्शनला. माणूस सोन्यासारखा, पण डोकं सदा तापलेलं. एकदा सगळे शांत बसलेले, अन् फटाक् करून आवाज झाला. सगळ्यांचे डोळे उघडले.

मामांचे मात्र मिटलेलेच. म्हणाले, "कोण गेलं?"

"मच्छर," डोंगरे पुटपुटला.

"अच्छा. मग त्याच्यासाठी पण थोडं बसू."

चहा उकळून आटला, तरी आम्ही बसलेलोच! घरी जाताना सगळे डोंगरेवर उखडले होते. पुढे त्याच्या गालावर मच्छर बसला तर शेजारचा माणूस हळूच फुंकर घालायचा.

*

वस्तीतल्या मैदानात खंदक खोदले होते. एकदा आमची बैठक नुकतीच लागली, अन् भोंगा वाजला. हवाई हल्ल्याची प्रॅक्टिस. मामा उठले, आम्हीही उठलो, सगळे खंदकात उतरलो. खाली बसल्यावर मामांनी पुन्हा डोळे मिटले. मग आम्हीही मिटले.

शिट्टी वाजवत एक वॉर्डन आला अन् वाकून पाहू लागला. ओळीनं बसलेली माणसं, कोणी हलेना, कोणी बोलेना. तो घाबरलाच!

"अरे, ये लोग मर गए क्या?"

मामा डोळे न उघडता म्हणाले, "नहीं भैया, अभी तो शुरू किया है।"

*

त्या दिवसांत बोलणाऱ्यापेक्षा न बोलणाऱ्याचा संशय जास्त. कोणीतरी सिक्युरिटीत जाऊन सांगितलं, "कांचघर में मराठी लोग इकट्ठा होते हैं, दरवाज़ा बंद करते हैं, और बोलते कुछ नहीं!" झालं. पुढच्या रविवारी दुबेजी नावाचे एक जाडजूड गृहस्थ चौकशीला हजर.

मामांनी त्यांना भिंतीशी जागा दिली, पाठीला उशी दिली. "बैठिए जी. जो देखना है, देख लीजिए।"

दुबेजी आमच्यावर नजर ठेवून बसले. पण खोली गार, सगळीकडे सामसूम, अन् माणूस डबल ड्यूटी करून आलेला! थोड्याच वेळात असे घोरू लागले की मूर्तीपुढची ज्योत हलायची. कोणी हसलं नाही. मामींनी उठून त्यांच्या अंगावर चादर टाकली.

जाग आली तेव्हा बिचारे ओशाळले. "गोंडाणेजी, अब मैं रिपोर्ट में क्या लिखूँ?"

"लिख दीजिए, यहाँ सब जाग रहे थे।"

*

आमच्या सेक्शनला एक शर्माजी होते. ध्यानबिन त्यांना थोतांड वाटायचं. एक दिवस मामा मशीन दुरुस्तीला आमच्याकडे आलेले. शर्माजींनी गाठलंच. "ये जो आप सिखाते हो, हर पल सजग रहो, इससे मिलता क्या है?"

मामांनी आधी शर्माजींच्या हातातल्या गोळ्याकडे पाहिलं, मग दारूच्या भांड्याकडे.

"बैठकीत सजग राहिलं नाही, तर निर्वाण लांबतं," ते म्हणाले. "इथं राहिलं नाही, तर ताबडतोब!"

शर्माजींना मराठी येत नव्हतं. पण मी हिंदीत करून सांगितल्यावर त्यांनी तो गोळा दोन्ही हातांनी धरला.

*

डोंगरेचं प्रमोशन हुकलं. त्याच्याहून ज्युनिअर माणूस वर गेला. पुढच्या बैठकीला आला तो दारातूनच ओरडत, "मामा, सोडून दिलं! मनातून काढून टाकलं!" सगळ्यांनी शाबासकी दिली. मग त्यानं तो माणूस कोण, कोणाचा भाचा, साहेबाकडे मिठाई कधी गेली, सगळं सविस्तर सांगितलं.

पुढच्या रविवारी पुन्हा, "मामा, आता तर पूर्णच सोडलं!" अन् तीच कथा, थोडी वाढवून.

असं बरेच रविवार चाललं. शेवटी मामा म्हणाले, "डोंगरे, सोडलं ते बरं केलं. पण दर हप्त्याला इथं आणून दाखवत नको जाऊ."

*

याच डोंगरेनं एकदा असं विचारलं की चहाचे कप हातातच राहिले.

"मामा, आपण इथं म्हणतो, प्राण्याची हिंसा करणार नाही. अन् दिवसभर गोळे बनवून राहिलो. हे कसं बसवायचं?"

मामांचा एकुलता एक मुलगा, सुधाकर, तोफखान्यात होता. त्या वेळी सीमेवरच.

मामा म्हणाले, "कामावर असलो की मी मनात म्हणतो, हा गोळा फुटायची वेळच येऊ नये."

"अन् वेळ आली, अन् नाही फुटला तर? तिकडं आपला सुधाकर उभा आहे ना!"

"म्हणूनच कामात चूक करत नाही."

"मग याचं उत्तर काय, मामा?"

"मला नाही सापडलं. सापडलं असतं तर दर रविवारी काहून बसलो असतो?"

*

लढाई संपायला आली होती, तेव्हा सुधाकर गेल्याची तार आली.

त्या रविवारी आम्ही भेटायला म्हणून गेलो. पाहतो तर मामा वाकून सतरंजी अंथरत होते. एक कोपरा दुमडत होता, तो पुन्हा पुन्हा सरळ करत होते.

"मामा, आज राहू द्या," मी म्हणालो.

"आजच बसायचं."

बसलो. मध्येच मामींचा हुंदका फुटला. मामा अगदी हळू आवाजात म्हणाले, "येऊन राहिलं तर येऊ दे, वच्छला. अडवू नको."

त्या दिवशी डोळे मिटलेले, पण एकाचाही चेहरा कोरडा नव्हता.

*

मामी हिवाळ्यासाठी सुधाकरचं स्वेटर विणत होत्या. एक बाही राहिली होती. तार आल्यावर आम्हाला वाटलं, त्या ते उसवतील, नाहीतर पेटीत टाकतील. त्यांनी ती बाही पूर्ण केली.

तोवर लढाई संपून शत्रूचे पकडलेले सैनिक आमच्या गावात आणले होते. गावाबाहेर काटेरी तारांमागे त्यांचा कॅम्प. थंडी कडाक्याची. मामींनी स्वेटर कागदात गुंडाळून मामांच्या हाती दिलं.

"सुधाकरच्या वयाचं कोणी असेल तिथं."

मामा म्हणाले, "वच्छला, तिकडच्यांना?"

"थंडी तर इकडचीच आहे ना!"

मामा गेले. गेटवरच्या हवालदारानं हाकलून दिलं. पुढच्या रविवारी पुन्हा गेले, पुन्हा परत आले. वस्तीत लोक बोलू लागले. कोणी तोंडावर म्हणालं, "ज्यांनी पोरगा मारला, त्यांनाच स्वेटर?" मामींनी ऐकून घेतलं अन् पुडकं परत मामांच्या काखेत दिलं. तिसऱ्या खेपेला मीही सोबत गेलो.

हवालदार वैतागला. "बाबा, आख़िर किसके लिए लाते हो?"

"बेटे के लिए बना था।"

"बेटा अंदर है?"

"नहीं."

"तो कहाँ है?"

मामांनी सांगितलं. हवालदारानं एकदा मामांकडे पाहिलं, एकदा पुडक्याकडे. आत जाऊन साहेबाशी बोलून आला, अन् पुडकं घेऊन गेला.

पुढच्या रविवारी बैठक सुटल्यावर आम्ही चहा पीत होतो. दारात सायकल थांबली. तोच हवालदार, पत्ता विचारत आलेला. आत आला नाही, उंबऱ्याशीच उभा राहिला.

"माताजी, दे दिया। एक दुबला-सा लड़का है। बाँहें छोटी पड़ती हैं, पर दिन भर पहने घूमता है।"

मामींनी हातातला कप खाली ठेवला.

"छोटी? कितनी छोटी?" त्या म्हणाल्या. "भैया, ज़रा नाप के बताना!"